चेन आधी, कापड नंतर

मागच्या वर्षी धाकट्या बहिणीने तिच्या तंबोऱ्यासाठी गवसणी शिवून मागितली. जुनी गवसणी जाड खादीची आणि नाड्यांनी बांधायची होती. गाण्याच्या क्लासला रिक्षातून नेताना तिच्या नाड्या सुटत, आणि पावसाळ्यात घरी आल्यावर ओल्या गाठी सोडवण्यात दहा मिनिटे जात. "ताई, या वेळी चेन लाव, एवढंच माझं म्हणणं आहे," असे तिने सांगितले आणि मीही ते फारसे मनावर घेतले नाही. कापड निवडले, अस्तर निवडले, मध्ये घालायला पातळ फोम आणला, तंबोरा सतरंजीवर आडवा ठेवून वर्तमानपत्रावर त्याची बाह्यरेषा काढली, कापून झाले, आणि सगळ्यात शेवटी चेनीचा विचार केला. घरात जॅकेटला लावतात तसल्या जाड दात्यांच्या काळ्या प्लास्टिक चेनीचा, रोलमधून कधीतरी कापून आणलेला लांब तुकडा होता. रंग जुळत होता आणि लांबी पुरत होती, तेव्हा तोच लावला.

दांडीच्या बाजूने रनर, म्हणजे चेन उघडबंद करणारा सरकता तुकडा, सुरेख चालला. भोपळ्याच्या वळणावर मात्र तो अडखळू लागला, आणि जोर लावून पुढे नेला तर त्याच्या मागची बंद झालेली चेन दात विचकल्यासारखी उघडली. मी ती तीनदा उसवली आणि तीनदा लावली. चौथ्यांदा उसवताना कापडाची कडच फाटली, तेव्हा दोष माझ्या टाक्यांत नसून चेनीच्या निवडीत आहे हे मान्य करावे लागले.

वर्तमानपत्राची एक लांब पट्टी कापून हातात धरली की हे लगेच समजते. ती पट्टी पाठीवर वाकवली तर तिची गुंडाळी होते, पण टेबलावर सपाट ठेवून कडेने वळवू गेले तर ती वळत नाही. आतली कड चुरगळते आणि बाहेरची ताणली जाते. चेनीचेही तसेच असते. मी ती गवसणीच्या दर्शनी भागावर सपाट ठेवून भोपळ्याच्या गोलाईने वळवली होती, म्हणजे तिला कडेवर वाकायला लावले होते. त्यातून ती सुट्या, ठोकळेबाज दात्यांची होती. अशा चेनीत प्रत्येक दाता टेपवर, म्हणजे चेनीच्या कापडी पट्टीवर, वेगवेगळा साच्यात ओतलेला असतो आणि दोन दात्यांमधले अंतर ठरलेले असते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला ते अंतर वाढले आणि आतल्या बाजूला कमी झाले की समोरासमोरचे दाते एकमेकांत बसणार कसे?

दुसऱ्या दिवशी रविवार पेठेत गेले. शिवणसामानाच्या ज्या दुकानात मी वर्षानुवर्षे जाते, तिथे गल्ल्यावर बसणाऱ्या काकांची एक सवय आहे. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पुढे करून "या रंगाची चेन द्या" म्हणाले की ते तुकड्याकडे बघतच नाहीत. "आधी सांगा, कशाला लावायची. रंग मग बघू," असे म्हणतात. पूर्वी मला हा त्यांचा तऱ्हेवाईकपणा वाटत असे. त्या दिवशी मी त्यांना गवसणीचा कागदी नमुनाच नेऊन दाखवला.

त्यांनी पुढे टाकली ती कॉइलची चेन. बाजारात तिला सरसकट नायलॉनची चेन म्हणतात, मग तिचा धागा पॉलिएस्टरचा का असेना. हिच्यात सुटे दाते नसतातच. एक जाड, अखंड धागा स्प्रिंगसारखा पीळ देऊन टेपच्या कडेला शिवलेला असतो आणि त्या पिळाचे वेढे एकमेकांत अडकतात. त्यामुळे ती लवचिक असते, वळण घेते, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो गुण म्हणजे तिच्यात चूक दुरुस्त करता येते. ताण येऊन ती मध्येच फाकली तरी बहुतेक वेळा रनर मागे नेऊन पुन्हा पुढे आणला की सांधली जाते. साच्यातल्या प्लास्टिक चेनीचा किंवा धातूच्या चेनीचा एखादा दाता निखळला तर त्या जागी कायमची खिंड पडते. कॉइलचा एकच शत्रू आहे आणि तो म्हणजे गरम इस्त्री. सुती कापडाच्या आकड्यावर ठेवलेली इस्त्री तिच्यावर टेकली तर धाग्याचे वेढे चपटे होतात, आणि मग त्या जागी रनर प्रत्येक वेळी अडतो.

म्हणून प्लास्टिकच्या दात्यांची चेन वाईट, असे मात्र नाही. रेनकोट, विंडचीटर, लहान मुलांची जॅकेटे यांना तीच लावावी. ती हलकी असते, गंजत नाही, आणि बोटे गारठलेली असली तरी चालवता येते. सरळ रेषेत तिला तोड नाही. धातूची चेन मला स्वतःला दिसायला फार आवडते, विशेषतः पितळी. पण ती मी फक्त जाड कापडाला लावते, कारण पातळ कापडावर ती आपल्या वजनाने कापड खाली ओढते आणि धुताना दात्यांच्या कडांनी टेपशेजारचे कापड झिजवते. जीन्स, कॅनव्हासची पिशवी, चामड्याचे पाकीट ही तिची खरी ठिकाणे होत. कोकणात राहणाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या चेनी टाळलेल्या बऱ्या. खाऱ्या हवेत त्यांच्यावर पांढरी पूड धरते आणि रनर घट्ट होतो. धातूच्या चेनीवर मेणबत्तीचा तुकडा किंवा पेन्सिलीचे शिसे घासण्याचा जुना उपाय मात्र आजही चालतो, आणि तो करताना पांढऱ्या कापडावर पेन्सिल वापरू नये हे मी एक चांगला टेबलक्लॉथ घालवून शिकले आहे.

धातूच्या दात्यांची ही रचना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. शिकागोच्या व्हिटकोम्ब जडसन यांनी 1893 मध्ये बुटांसाठी एका बंदाचे पेटंट मिळवले. तो बंद हूक आणि कड्यांचा होता व भलत्या वेळी उघडत असे. पुढे मूळचे स्वीडनचे असलेले अभियंते गिडियन संडबॅक यांनी 1913 च्या सुमारास ती कल्पना बदलली. प्रत्येक दात्याच्या एका अंगाला उंचवटा आणि दुसऱ्या अंगाला तेवढाच खळगा, अशी एकसारख्या दात्यांची रांग त्यांनी केली. त्याचे पेटंट त्यांना 1917 मध्ये मिळाले. झिपर हे नाव तर त्याहून नंतरचे, 1923 च्या सुमारास गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांमुळे रूढ केलेले. जीन्सची चेन भिंगाखाली धरली तर तो उंचवटा आणि तो खळगा आजही दिसतो.

चेनीचा प्रकार ठरला की नंबर येतो. दुकानात 3, 5, 8, 10 असे नंबर सांगतात आणि पुष्कळांना ती लांबी वाटते. नंबराचा लांबीशी काही संबंध नाही. चेन बंद असताना दात्यांची जी पट्टी दिसते, तिची रुंदी ढोबळ मानाने तितके मिलिमीटर असते. अगदी तंतोतंत नव्हे, पण नंबर वाढला की चेन रुंद आणि दणकट होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. फ्रॉक, स्कर्ट, उशीचे अभ्रे, पैशांचे छोटे पाऊच यांना 3 नंबर लावावा. पर्स, शाळेचे दप्तर, जॅकेट यांना 5 नंबर लावावा. प्रवासाच्या मोठ्या बॅगा, ट्रेकच्या सॅकचे मुख्य तोंड आणि गादीच्या भक्कम खोळी यांना 8 किंवा 10 नंबर लागतो. शंका आली तर पिशव्यांच्या बाबतीत वरचा नंबर घ्यावा आणि कपड्यांच्या बाबतीत खालचा, असा माझा ठोकताळा आहे. पिशवीत माणूस नेहमी तिच्या पोटापेक्षा जास्त कोंबतो. कपड्यात मात्र जाड चेन पाठीच्या कण्यावर टोचते.

आता रनरविषयी सविस्तर लिहिते, कारण चेन बिघडली असे आपण म्हणतो तेव्हा दहापैकी आठ वेळा बिघडलेला असतो तो रनर. रनर उलटा धरून पाहावा. पुढे त्याला दोन तोंडे असतात आणि मागे एकच. दोन तोंडांच्या मध्ये एक छोटी पाचर असते, ती उघडताना दाते वेगळे करते. दोन्ही कडांच्या वळलेल्या भिंती बंद करताना दाते एकमेकांवर दाबतात. हजारदा पुढेमागे झाल्यावर त्या भिंती किंचित फाकतात, दाब कमी पडतो, आणि रनर पुढे गेला तरी मागची चेन उघडीच राहते. अशा वेळी चेन बदलण्याआधी छोट्या पकडीने रनरची मागची, म्हणजे एका तोंडाकडची बाजू डावीकडून थोडी आणि उजवीकडून तेवढीच दाबून पाहावी. थोडी म्हणजे अगदी थोडी, कारण बरेच रनर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि जास्त दाबले तर वाकण्याऐवजी तडकतात.

रनर चेनीच्या नंबराचाच असावा लागतो हे उघड आहे. पण तो चेनीच्या प्रकाराचाही असावा लागतो, हे माहीत नसल्याने लोक घरी येऊन वैतागतात. 5 नंबर कॉइलचा रनर 5 नंबर धातूच्या चेनीवर नीट चालत नाही. त्याशिवाय रनरला लॉक आहे की नाही हे पाहायचे असते. कपड्यांच्या रनरमध्ये पुलरखाली, म्हणजे बोटांनी ओढायच्या पट्टीखाली, एक बारीक काटा असतो, जो पुलर सोडला की दात्यांमध्ये उतरतो आणि रनरला जागीच धरतो. पिशव्यांच्या रनरला तो नसतो, कारण पिशवी एका हाताने झटकन उघडायची असते. मी एकदा भाच्याच्या शाळेच्या हाफपँटची चेन दुरुस्त करताना डब्यातला हाताला लागला तो रनर चढवला. तो पिशवीचा होता. गॅदरिंगच्या दिवशी कवायत सुरू झाली आणि पहिल्या दोन उड्यांतच व्हायचे ते झाले. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे, पण माझ्याकडे कपडे शिवायला अजून देत नाही.

लांबीचे गणित सोपे आहे, तरी एक फसगत होते. तयार चेनीची लांबी वरच्या थांब्यापासून खालच्या थांब्यापर्यंत मोजतात. दोन्हीकडचा मोकळा टेप त्यात धरत नाहीत. नेमकी लांबी मिळाली नाही तर मोठी घ्यावी, कारण कॉइलची चेन लहान करणे हा दोन मिनिटांचा खेळ आहे. हव्या त्या जागी दात्यांवरून जाड दोऱ्याचे आठ-दहा आडवे टाके घालून नवा थांबा करायचा आणि खाली अर्धा-पाऊण इंच ठेवून उरलेली चेन कापायची. जॅकेटसारखी पूर्ण सुटी होणारी चेन मात्र वरूनच लहान करता येते. खालची पेटी, म्हणजे दुसऱ्या बाजूचे टोक जिच्यात खोवतात ती, कापली तर सगळेच गेले.

पाठीला लागणारी, दिसू न देणारी इनव्हिजिबल चेन हा स्वतंत्र विषय आहे. ती उघड्या भागापेक्षा इंच-दीड इंच मोठीच घ्यावी लागते, कारण मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, रनरपाशी येऊन थांबतो आणि शेवटचा भाग शिवताच येत नाही. शिवताना चेनीखालची शिवण आधी जोडू नये. आधी चेन, मग शिवण. आणि कमरेला जोड असलेल्या ड्रेसमध्ये ती नेमकी त्या जोडाशी अडते, कारण तिथे कापडाचे चार-सहा पदर एकावर एक येतात. त्या जागची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले जास्तीचे कापड, कातरून पातळ केली नाही तर लग्नाच्या हॉलमध्ये मावश्यांची रांग पाठीमागे उभी राहते आणि प्रत्येक जण "थांब, मी ओढते" म्हणते.

सुती कापडाबद्दल एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. चेनीचा टेप बहुतेक पॉलिएस्टरचा असतो, तो पाण्यात आटत नाही. कोरी खादी, मलमल, मंगळगिरी ही कापडे आटतात. कापड पाण्यातून न काढता मी एका भाचीला खादीचा लांब फ्रॉक शिवला होता, पाठीला 22 इंचांची चेन होती. पहिल्या धुण्यानंतर कापड पाऊण इंचाने आटले, चेन होती तेवढीच राहिली, आणि पाठीवर वरपासून खालपर्यंत समुद्राच्या लाटा उमटल्या. इस्त्रीने त्या जात नाहीत. चेन उसवून पुन्हा लावण्याला पर्याय राहत नाही, आणि तोपर्यंत पहिल्या टाक्यांची भोके कापडावर दिसू लागलेली असतात. ताणणाऱ्या कापडाचे दुखणे याच्या उलट असते: शिवताना कापड लांबते आणि चेन मागे राहते. तिथे चेनीच्या जागी आधी मागून फ्युजिंगची पट्टी चिकटवावी आणि टाचण्यांच्या भरवशावर न राहता हाताने धावदोरा घालून मगच मशीनला द्यावे.

तर, गवसणी. काकांशी बोलून 8 नंबरची कॉइल चेन रोलमधून दोन मीटर घेतली आणि तिच्यावर चढवायला बिनलॉकचे दोन रनर घेतले. रोलच्या चेनीवर रनर चढवणे नवख्याला अवघड जाते. जेवणाचा काटा उभा धरून त्याच्या मधल्या दोन दात्यांवर रनर अडकवला आणि टेपची दोन्ही टोके एकाच वेळी, समान रेषेत, रनरच्या दोन तोंडांत सरकवली की काम होते. एक टोक जरी दोन दाते पुढे गेले तर पुढची सगळी चेन तिरकी बंद होते आणि शेवटी एका बाजूला फुगवटा येतो. दोन रनर एकमेकांकडे तोंड करून बसवले, म्हणजे तंबोरा आडवा असो वा उभा, हवे त्या जागी गवसणी उघडता येते.

नमुनाही बदलला. आधीच्या दोन भागांऐवजी आता पुढचा भाग, मागचा भाग आणि त्या दोहोंना जोडणारी चार इंच रुंदीची बाजूची पट्टी केली, आणि चेन त्या पट्टीच्या मधोमध बसवली. आता भोपळ्याला वळसा घालताना ती कडेवर वाकत नाही, पाठीवर वाकते. सगळ्या बाजूंनी एक इंच सैल ठेवला, कारण चेनीने जवळ आलेल्या कडा धरून ठेवायच्या असतात, लांब गेलेल्या कडा ओढून आणणे हे तिचे काम नव्हे. तबलीवरच्या, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी फळीवरच्या, पॉलिशला रनर घासू नये म्हणून चेनीच्या मागे दीड इंचाची फ्लॅनेलची पट्टी आतून सोडली आणि दोन्ही पुलरना कापडी फुंदके बांधले. कापडाला कात्री लावण्याआधी या वेळी चेन टेबलावर होती. तिच्या टेपची रुंदी मोजून मगच पट्टीची माया ठरवली, आणि त्या मापात पहिल्या वेळेपेक्षा अर्ध्या इंचाचा फरक निघाला.

बहिणीने पहिल्यांदा चेन लावून पाहिली तेव्हा खुंट्यांपासून भोपळ्याच्या तळापर्यंत रनर एका दमात गेला. "आवाज बघ किती सुरात येतोय," असे म्हणून तिने तो चार-पाच वेळा उगाचच पुढेमागे केला. गेल्या महिन्यात एक रनर सैल झाला म्हणून ती गवसणी घेऊन आली होती. पकडीने दाबून दिला, चालतो आहे. डब्यात 8 नंबर कॉइलचे आणखी दोन रनर चिठ्ठी लावून ठेवले आहेत.